शेंदूर, हरताळ, पारा : शृंगारपेटीतील विषांचा इतिहास

आजचा धागा एका तीर्थक्षेत्रापासून सुरू होतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर येथे आहे. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या राज्यांतील तांडे येथे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाल्यापासून इतिहासप्रेमी मंडळींची पावलेही इकडे वळू लागली आहेत. महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या यात्रेत जे दृश्य दिसते, ते येथेही असतेच : हळद-कुंकवाच्या राशी, शेंदराच्या पुड्या, बांगड्या, टिकल्या, आरसे, आणि अलीकडच्या काळात त्यांच्या शेजारी चेहऱ्यास लावण्याच्या मलमांच्या डब्या.

या दुकानांतील रंगांचा आणि मलमांचा इतिहास आपण क्वचितच विचारतो. तो विचारण्याचे कारणही येथून फार दूर नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि त्याच अकोल्यात तीन वर्षांपूर्वी नव्हे तर अगदी परवापरवापर्यंत जिवंत असलेली एक जुनी गोष्ट पुन्हा घडली. तिच्याकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी थोडे मागे जाऊ.

बंजारा किंवा लमाण हे मध्ययुगीन दख्खनचे वाहतूकदार. ‘लमाण’ या नावाचा संबंध ‘लवण’ म्हणजे मिठाशी जोडला जातो. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून नायकाच्या आज्ञेत चालणारे तांडे किनाऱ्याचे मीठ देशावर आणीत, देशावरचे धान्य दूरच्या बाजारांत नेत, आणि मोगल, मराठे व इंग्रज या सर्वांच्या फौजांना रसद पुरवीत. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला आणि बैलांच्या पाठीवरचा हा व्यापार उतरणीस लागला. म्हणजे, खेड्यातील घराच्या फडताळात काय असावे हे शतकानुशतके गोणीत काय मावते आणि बंदरात काय उतरते यावर ठरत असे.

बंदरात काय उतरत होते? सतराव्या शतकात इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी सुरतेस जो माल विकावयास आणी, त्यात बनात, पोवळी, हस्तिदंत यांच्यासोबत तीन जिन्नस ठळक आहेत : शिसे, पारा आणि हिंगूळ. भारतात शिशाच्या खाणी होत्या; राजस्थानातील जावरचे नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पारा मात्र आपल्याकडे खाणीतून निघत नव्हता. वैद्याच्या खलात, सोनाराच्या मुलाम्यात वा चित्रकाराच्या शिंपल्यात जो पारा किंवा हिंगूळ दिसे, तो समुद्र ओलांडून आलेला असे. परदेशी रसायन आणि देशी घर यांची ओळख शंभर-दीडशे वर्षांची आहे असे आपण समजतो. ती याहून कितीतरी जुनी आहे.

आता एकेक रंग घेऊ.

पहिला रंग पिवळा. ‘नियमांना हरताळ फासला’ असे वाक्य आपण वर्तमानपत्रांत वाचतो. हा हरताळ म्हणजे दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ नव्हे. त्या शब्दाचे मूळ हाट आणि ताळे यांत आहे. येथील हरताळ म्हणजे संस्कृतातील हरिताल, एक पिवळेधमक खनिज. जुन्या काळी हस्तलिखितांचा कागद कीड लागू नये म्हणून हरताळाने पिवळा करीत. लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले की त्याच रंगाचा लेप त्यावर फासत आणि वर नवे अक्षर लिहीत. आजच्या व्हाइटनरचा हा पूर्वज. म्हणून ‘हरताळ फासणे’ म्हणजे लिहिलेले पुसून टाकणे, निष्फळ करणे. कागदाला कीड का लागत नसे, याचे उत्तर त्या खनिजाच्या घटकांत आहे : हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. आर्सेनिक म्हणजे ज्याला आपण सोमल या रूपात ओळखतो तेच मूलद्रव्य.

हाच हरताळ कळीच्या चुन्यात कालवून अंगावरचे केस काढण्यासाठी वापरला जाई. आयुर्वेदीय परंपरेत या लेपांना लोमशातन म्हणतात. तुर्कस्तान व अरबस्तानातील हमामखान्यांतही असेच मिश्रण चाले. चुना व गंधक यांच्या संयोगाने केसातील केराटिन मऊ पडून तुटते, हे या लेपाचे रहस्य. आर्सेनिक त्यात केवळ गंधकाबरोबर आलेला आगंतुक होता. आजच्या केशनाशक मलमांतही अल्कली आणि गंधकयुक्त संयुग हीच जोडी असते. आगंतुक तेवढा वगळलेला आहे. जुने ज्ञान पूर्णपणे चूक नव्हते आणि पूर्णपणे निर्धोकही नव्हते, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दुसरा रंग केशरी. शेंदूर. मारुती, गणपती, म्हसोबा, शेतातील दगडाचा देव, या सर्वांचा हा रंग. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जुने थर काढण्यात आले तेव्हा आतील मूळ रूप पाहून कित्येकांना नवल वाटले. हा थर इतका टिकाऊ का असतो? कारण तेलात कालवलेला शेंदूर हा मुळात एक उत्तम रंगलेप आहे. लोखंड गंजू नये म्हणून पुलांना आणि जहाजांना जो केशरी थर देत, तोही हाच. संस्कृत कोशांत शेंदराचे एक नाव ‘नागसंभव’ असे आहे. नाग म्हणजे येथे साप नव्हे. रसशास्त्रात नाग म्हणजे शिसे. शिसे हवेत दीर्घकाळ भाजले की प्रथम पिवळसर मुर्दाडशिंग आणि पुढे केशरी शेंदूर तयार होतो. नाव ठेवणाऱ्यास मूळ धातू ठाऊक होता. ते नाव उच्चारणाऱ्या पुढच्या पिढ्यांना त्याचा विसर पडला, इतकेच.

देवाच्या मूर्तीवरील शेंदूर आणि माणसाच्या हातावरील शेंदूर यांत फरक आहे. शिशाची अकार्बनी संयुगे कातडीतून फारशी आत शिरत नाहीत; पोटात मात्र शिरतात. बोटाला लागलेली पूड तोंडात जाते, मुलाच्या तोंडात तर फारच सहज. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस सर्वांत अधिक बाधा करते. उत्तर भारतात भांगात भरावयाच्या सिंदुराचा प्रश्न म्हणूनच गंभीर ठरला. २०१७ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतील दुकाने तसेच मुंबई व दिल्ली येथून घेतलेल्या सिंदुराच्या ११८ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे चार-पंचमांश नमुन्यांत शिसे आढळले. बहुतेकांत ते थोडे होते, काही मोजक्यांत अतिशय. पुडीकडे पाहून त्यातला भेद ओळखता येत नाही, ही खरी अडचण.

सुरम्याची कथाही याच वळणाची. सुरमा म्हणजे अंजन धातू अशी समजूत. प्रत्यक्षात बाजारातील अनेक सुरम्यांत गॅलिना, म्हणजे शिशाचे गंधकयुक्त खनिज, सापडत आले आहे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे धरून केलेले घरगुती काजळ ही निराळी गोष्ट. ती केवळ काजळी. (जाता जाता : अरबी ‘अल्-कुहल’ म्हणजे डोळ्यांत घालण्याची बारीक पूड. रसायनज्ञांनी ‘सूक्ष्म सार’ या अर्थाने तो शब्द उचलला आणि फिरत फिरत तो ‘अल्कोहोल’ झाला.)

तिसरा रंग लाल, आणि येथे महाराष्ट्राची बाजू सुरुवातीस तरी उजळ आहे. आपले पारंपरिक कुंकू शिशाचे नाही आणि पाऱ्याचेही नाही. ते हळदीचे आहे. हळदीस अल्कली मिळाली की ती लाल होते. चुना, टाकणखार, लिंबाचा रस यांच्या साहाय्याने हा रंग धरून ठेवण्याची कृती पिढ्यानपिढ्या चालत आली. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी आजही प्रसिद्ध आहे. पुढे स्वस्त कृत्रिम रंग आले. पिष्टमय पूड रंगवून तीच कुंकू म्हणून विकणे सोपे झाले, आणि कपाळावर खाज, पुरळ व काळे डाग घेऊन येणाऱ्या स्त्रिया त्वचारोगतज्ज्ञांकडे दिसू लागल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी या कुंकवातील अ‍ॅझो वर्गातील रंग वेगळे काढून त्यांची नावानिशी नोंद केली आहे.

मग चिकटणारी टिकली आली, आणि एक वेगळाच दोष घेऊन आली. तुमच्या घरातील एखाद्या आजीच्या किंवा मावशीच्या कपाळावर, नेमका टिकलीच्या जागी, पांढरा गोल डाग पाहिल्याचे आठवते का? टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचे द्रव्य असल्यास ते काही जणींच्या त्वचेतील रंगपेशी मारते. हा डाग कोड समजला जाई. ज्या समाजात कोडाच्या एका ठिपक्यावरून सोयरीक मोडत असे, तेथे टिकलीच्या गोंदाने एखाद्या मुलीचे काय नुकसान केले असेल याची मोजदाद कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकात नाही. मला या संपूर्ण इतिहासातील ही सर्वांत दुखरी जागा वाटते. सौभाग्याचे चिन्हच लांच्छनाचे चिन्ह बनले आणि दोष कपाळाला लागला.

आता चौथा पदार्थ, ज्याला रंगच नाही. पारा.

पाऱ्याचे लाल रूप म्हणजे हिंगूळ. त्याच्या वजनाचा सुमारे ८६ टक्के भाग पारा असतो, पण तो गंधकाशी इतका घट्ट बांधलेला असतो की सहज विरघळत नाही. कॅलोमेल किंवा अमोनियायुक्त पारा ही संयुगे तशी नाहीत. ती मलमात घालून चेहऱ्यास चोळली की कातडीतून आत जातात. त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाच्या विकराची गरज असते आणि त्या विकराच्या गाभ्याशी तांबे असते. पारा ते काम बंद पाडतो. चेहरा उजळतो. जाहिरात खोटी ठरत नाही, आणि येथेच या मलमाची खरी फसवणूक आहे : निरुपयोगी वस्तू लोक टाकून देतात, गुण देणारी वस्तू शेजारणीस सुचवितात.

आत गेलेला पारा मूत्रपिंडांत जाऊन साठतो. तेथील गाळण्या निकामी होऊ लागल्या की रक्तातील प्रथिने लघवीतून वाहून जातात. चेहरा व पाय सुजतात. १९७२ साली केनियाच्या नैरोबी शहरातील डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. अशा विकाराने रुग्णालयात आलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण त्वचा उजळविणारी पारायुक्त मलमे वापरणारे होते. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, अमेरिकेने सौंदर्यप्रसाधनांतील पाऱ्यावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच वैद्यकशास्त्रास हे ठाऊक झाले होते.

आता अकोला. २०२२ साली तेथील एका घरातील तीन स्त्रिया, जैवतंत्रज्ञान शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, एकापाठोपाठ मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. एकाच घरात तिघींना एकाच वेळी असा विकार होण्याचे कारण सापडेना. आनुवंशिक म्हणावे तर वेळ जुळत नव्हती, पाणी म्हणावे तर शेजारी निरोगी होते. शोध घेता घेता मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांपर्यंत प्रकरण गेले. तिघींमध्ये समान असलेली एकच गोष्ट पुढे आली : स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेले गोरेपणाचे मलम. ते तपासले तेव्हा त्यात पारा प्रचंड प्रमाणात निघाला. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी सर्वत्र छापून आली.

ही घटना एकटी नव्हती. केरळमधील कोट्टक्कल येथील रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १५ जणांत एक दुर्मीळ खूण सापडली, आणि त्या पंधरांतील १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरल्याचे सांगितले. हा अहवाल २०२४ साली ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आला. मलम बंद केल्यावर अशा बहुतेक रुग्णांची प्रकृती सुधारते. दिलासा द्यावा अशी एवढीच गोष्ट या भागात आहे.

मग कायदा काय करीत होता? याचाही इतिहास रोचक आहे. १९३० साली सरकारने कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर, १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला. त्याच्या नावात आणि कलमांत तेव्हा सौंदर्यप्रसाधने नव्हती. स्नो, पावडर, केसांचे कलप यांना पुढील दोन दशके कोणी विचारणारे नव्हते. अमेरिकेची स्थिती १९३८ पर्यंत अशीच होती. १९३३ मध्ये ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या कलपाने काही स्त्रियांची दृष्टी नेली आणि त्या प्रकरणाने तेथील नव्या कायद्यास मोठे बळ मिळाले. आपल्याकडे १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली आणि कायद्याच्या नावात त्यांचा समावेश झाला. त्याखालील नियमांनी रंगासाठी शिसे व आर्सेनिक वापरण्यास आणि प्रसाधनांत पारा घालण्यास मनाई केली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत आकडे निश्चित झाले : नकळत आलेला पारा दहा लाख भागांत १ भागाहून अधिक नसावा, डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत तो ७० भागांपर्यंत चालेल.

जागतिक पातळीवर जपानमधील मिनामाता या गावाचे नाव धारण करणारा पाराविषयक करार २०१३ साली झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. याच करारानुसार पारा घातलेली प्रसाधने २०२५ पर्यंत सर्वस्वी बंद करण्याचे ठरले.

कायदा आहे, आकडा आहे, मुदत आहे. अकोल्याची डबी मात्र या तिन्हींच्या बाहेरून आली. कायदा कारखान्याच्या दारावर उभा राहतो, कारखान्याचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी मागतो. ज्या डबीवर यांपैकी काहीच नसते, ती बॅगेतून, कुरिअरमधून, ओळखीच्या हातातून घरात येते. तांड्यांच्या काळी गोणीत काय आहे हे निदान नायकास ठाऊक असे. येथे विकणारीलाही बहुधा ठाऊक नसते. ती स्वतःही तेच मलम लावीत असण्याची शक्यता मोठी.

तरी काही खुणा आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधने तपासावीत तशा त्या तपासता येतात. घटकांत ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’, ‘अमोनिएटेड मर्क्युरी’ किंवा नुसते ‘मर्क्युरी’ असा कोणताही शब्द असेल तर ती डबी पाऱ्याची. यादीच नसेल तर ती डबी संशयाची. पांढरे मलम उजेडात ठेवल्यावर राखाडी पडू लागले तरी सावध व्हावे, कारण कॅलोमेल प्रकाशात विघटित होऊन त्यातील पारा मोकळा होतो. महाराष्ट्रात अशा वस्तूची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. डबी फेकून न देता तशीच बंद करून द्यावी.

आणखी एक खूण आहे, ती पोहरादेवीच्या यात्रेत उभे असताना हटकून आठवते. बंजारा स्त्रियांच्या चांदीच्या दागिन्यांची ख्याती सर्वदूर आहे. केसांत गुंफलेल्या घुगऱ्यांपासून पायांतील वाळ्यांपर्यंत त्यांचा साज चांदीचा. पारा चांदीला आणि सोन्याला धरतो. सोनार पूर्वी याच गुणावर मुलामा चढवीत. पारा घातलेल्या काही मलमांच्या वेष्टनावर म्हणूनच बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते : सोने, चांदी, दागिने यांना हे मलम लागू देऊ नये. दागिना काढून ठेवा, एवढेच त्यावर लिहिलेले असते. चेहऱ्याविषयी त्यात काही नसते.